बारावीनंतरचं निवासी वर्ष: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या फोनला उसंत नसते. खालचे प्रश्न त्याच फोनांवरचे आहेत, शक्यतो विचारले तसेच ठेवलेत. काही पालकांचे, काही मुलांचे, दोन आजोबांचे. उत्तरं माझी आहेत. मी इथला रेक्टर, मुलं 'काका' म्हणतात. घाईत असाल तर प्रवेशाचा आणि कागदपत्रांचा प्रश्न आधी वाचा. बाकीचं चहा घेता घेता वाचलं तरी चालेल.

हे वर्ष म्हणजे नक्की काय?

बारावी झाल्यावर आणि कॉलेजला जाण्याआधी साधारण दहा महिने, जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, पुण्यात एका घरात राहायचं. घर सहकारनगरात, पर्वतीच्या मागच्या अंगाला. २२ मुलंमुली, एक बाई रेक्टर, एक मी, आणि सकाळी सहाला येऊन आम्हा सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी. सकाळी वर्ग असतात: लिहिणं, बोलणं, हिशोब, वर्तमानपत्र वाचणं, थोडं कॉम्प्युटर. दुपारी कुठेतरी उमेदवारी, म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली काम शिकणं. संध्याकाळी घरातली कामं. शेवटी डिग्री मिळत नाही, डिप्लोमाही नाही. एक कागद देतो, पण तो दाखवून कुठे प्रवेश मिळेल असं समजू नका.

म्हणजे ड्रॉपच ना?

नाही. ड्रॉप म्हणजे त्याच परीक्षेला, त्याच पुस्तकांसह, पुन्हा बसणं. त्यात वाईट काही नाही. ज्याला डॉक्टरच व्हायचंय आणि नीटमध्ये थोडक्यात हुकलंय, त्याने खुशाल ड्रॉप घ्यावा आणि चांगला क्लास बघावा. आमच्याकडे तो कंटाळेल आणि आम्ही त्याच्या वेळापत्रकात अडथळा ठरू.

वर्ष वाया जाईल त्याचं काय?

हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे दुसरा प्रश्न असतो: नातेवाइकांना काय सांगायचं? दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. लग्नकार्यात 'सध्या काय करतो?' असं विचारणाऱ्या मामांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा.

पहिल्याचं देतो. पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर जाऊन 'वायडी' म्हणजे काय ते विचारा. इयर डाऊन. विषय राहत जातात, बॅकलॉग साठतो, आणि एक दिवस पुढच्या वर्षात जाता येत नाही. तेही वर्षच जातं. पण ते ठरवून घेतलेलं नसतं, खोलीचं भाडं चालूच असतं, आणि कित्येक मुलं घरी सांगतच नाहीत. मी आधी अशाच एका होस्टेलवर काम केलं. दिवाळीला घरी न जाता 'सबमिशन आहे' म्हणून खोलीत बसलेली मुलं बघितली. त्यातल्या निम्म्यांना ती शाखा कुणी निवडली असं विचारलं, तर उत्तर यायचं, 'कटऑफमध्ये बसली.'

आमच्याकडे आलं की सगळं सुरळीत होतं असं नाही. एका मुलाने इथे दहा महिने काढले आणि शेवटी कॉम्प्युटरलाच प्रवेश घेतला, जो त्याला वर्षभर आधीही मिळत होता. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, 'मग या वर्षात कमावलं काय?' मी म्हणालो, 'गेल्या वर्षी फॉर्म तुम्ही भरला होता, या वर्षी त्याने भरला.' ते काही बोलले नाहीत. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या वर्षी प्रवेशाला अडचण येते का?

प्रवेश मिळतो, पण परीक्षेगणिक नियम वेगळे आहेत. ते आत्ताच पाहून ठेवा, मार्चमध्ये नको.

एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा. तिचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते असतात. यंदा ९५ पर्सेंटाइल मिळालेत म्हणून ते पुढच्या वर्षी चालत नाहीत, पुन्हा बसावं लागतं. यंदा मिळालेली जागा वर्षभर राखून ठेवायची सोयही आपल्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, नाही. परदेशातली अनेक विद्यापीठं प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात. मुलं इंटरनेटवर तेच वाचून येतात आणि इथेही तसं असेल असं धरून चालतात.

जेईई मेन बारावीच्या वर्षासकट सलग तीन वर्षं देता येते. अॅडव्हान्स्ड मात्र दोनच वर्षं: बारावीचं आणि त्याच्या लगतचं. म्हणजे आयआयटीचा विचार असेल तर आमच्याकडे काढलेलं वर्ष हीच शेवटची संधी. नीटला १७ वर्षं पूर्ण लागतात, वरची वयोमर्यादा नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी २०२२ पासून सुरू झाली, तिला वयाची अट नाही, पण गुण त्या वर्षापुरतेच. एनडीएचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या प्रबोधिनीचं, गणित सगळ्यात कडक. साडेसोळा ते साडेएकोणीस हा वयोगट आहे आणि जन्मतारखेची खिडकी जाहिरातीत छापलेली असते. खडकवासल्याला जायचंय अशा मुलाशी मी आधी जन्मतारखेचंच बोलतो.

बीए, बीकॉम, बीएस्सीला बारावीचे गुण चालतात. काही स्वायत्त महाविद्यालयं स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिच्या तारखा लवकर येतात आणि लवकर जातात.

गॅप सर्टिफिकेट म्हणजे काय? तुम्ही देता का?

आम्ही देत नाही, ते कोणी 'देत' नसतं. ते तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. अमुक साली बारावी झालो, त्यानंतर अमुक काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढाच मजकूर. नोटरीकडे किंवा सेतू केंद्रात होतं. पण महाविद्यालयाचा स्वतःचा नमुना आहे का ते आधी विचारा. एका महाविद्यालयात आमच्या मुलीला खिडकीवरच्या गृहस्थांनी तीन खेपा घालायला लावल्या. पहिल्यांदा वडिलांची सही नाही, दुसऱ्यांदा 'खंड' हा शब्द नाही, तिसऱ्यांदा ते जेवायला गेले होते.

आणखी कुठली कागदपत्रं?

इथे मी जरा वेळ घेतो, कारण या वर्षाचा सगळ्यात नगद फायदा हाच आहे.

राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी, हे दर वर्षी कुणाला तरी प्रवेशाच्या रांगेत कळतं. वैधतेला आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुने महसुली उतारे, नातेवाइकाची वैधता असं बरंच लागतं आणि महिने जातात. तुमच्याकडे आता महिने आहेत. गणपतीला गावी गेलात की जुन्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा काढा. मुलांना मी हे एकट्याने करायला लावतो. तलाठ्याच्या आणि मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभं राहून काम करून घेणं हाही अभ्यासक्रमच आहे.

नॉन क्रीमी लेअरचा (उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखला ३१ मार्चला संपतो, त्यावर कुठलं साल आहे ते बघा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला आर्थिक वर्षापुरता, तेव्हा तो एप्रिलनंतर नव्याने काढा. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका. दुसऱ्या बोर्डाच्या मुलांनी मायग्रेशन (बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्र) काढून ठेवावं. आम्ही कुणाचीही मूळ कागदपत्रं ठेवून घेत नाही. कोणी निवासी संस्था 'मूळ दाखले जमा करा' म्हणाली, तर तिथून उठा.

वर्षभरात बहुतेकांना अठरा पूर्ण होतात. मतदार नोंदणीसाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नमुना ६ सगळे इथेच भरतात.

काका, सीईटीचा अभ्यास इथे राहून होईल का?

होईल, पण सकाळी पाच ते सात आणि रात्री. सीईटीच्या अभ्यासक्रमात बारावीचा भाग सुमारे ८० टक्के आणि अकरावीचा २०, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ज्याची बारावी पक्की आहे त्याला जानेवारीनंतरची उजळणी पुरते. ज्याची नाही, त्याने क्लास लावलेला बरा. फेब्रुवारीपासून आम्ही दुपारची उमेदवारी बंद करतो, ती याचसाठी.

दिवसभर मुलं करतात तरी काय?

बॅच सुरू होते तो पालख्यांचा सुमार. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात आणि निघतात त्या दिवशी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आमची मुलं दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालतात. अधिक महिना आला की हे सगळं पुढे सरकतं. एकमेकांची नावं पाठ व्हायच्या आत तीसेक किलोमीटर सोबत चालल्यावर ओळखीचे खेळ घ्यावे लागत नाहीत. कुणाचे पाय सोलवटतात, कुणी दुसऱ्याची पिशवी घेतं, कुणी हडपसरलाच बसमध्ये बसतं आणि वर्षभर ऐकून घेतं.

मग स्वयंपाकघर. याबद्दल सगळ्यात जास्त तक्रारी येतात आणि मी एकही ऐकत नाही. रोज चौघांची पाळी. बाजार, चिरणं, पोळ्या, भांडी, आणि रात्री हिशोबाची वही. पोळ्यांचं गणित असं: २२ जण, माणशी सरासरी साडेतीन, म्हणजे ७७. एका किलो कणकेत साधारण ३५ होतात. सव्वादोन किलो पुरते. पहिल्या आठवड्यात एका पाळीने 'कमी नको पडायला' म्हणून पाच किलो भिजवली. मावशी बघत होत्या, बोलल्या नाहीत. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फोडणीची पोळी खाल्ली सगळ्यांनी. त्यानंतर वहीच्या पहिल्या पानावर कुणीतरी लाल पेनाने '२.२५' एवढंच लिहून ठेवलं, ते दर वर्षी नव्या वहीत उतरवलं जातं. भौतिकशास्त्रात नव्वद मिळवलेला एक मुलगा मंडईत 'अर्धा किलो कोथिंबीर द्या' म्हणाला होता. भाजीवाल्या आजींनी त्याला जुडी हातात देऊन शेजारणीला बोलावून दाखवला.

वही महिनाअखेरीला जुळलीच पाहिजे. चार रुपये कमी आले तर शोधायचे, खिशातून घालायचे नाहीत. पहिले दोन महिने मुलांना हा छळ वाटतो.

शनिवारी बाहेर. भांडारकर संस्थेत पोथ्या कशा जपतात ते बघतात (संस्था १९१७ ची, आणि आमची निम्मी पुणेकर मुलंसुद्धा तिथे आधी गेलेली नसतात). २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जातो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, आणि त्या दिवशी शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून समजावतात. एक दुपार शिवाजीनगरच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून काढायची असते. खुलं न्यायालय आहे, कोणीही बसू शकतं. वकील व्हायचंय म्हणून आलेली एक मुलगी सात प्रकरणांत सात वेळा पुढची तारीख ऐकून बाहेर आली. 'काका, वाद कधी घालतात?' तरी तिने लॉच घेतलं.

उमेदवारी कुठे असते? पैसे मिळतात का?

तीन जागा, प्रत्येकी सहा आठवडे, रोज दुपारचे तीन-चार तास. गॅरेज, छापखाना, रोपवाटिका, सीएचं ऑफिस, महापालिकेची शाळा, दवाखान्याची नोंदणी खिडकी. अट एकच: तीनपैकी एक जागा अशी हवी, जी स्वतःहून कधीच निवडली नसती. पैसे मिळत नाहीत, बसभाडं मिळतं. पुण्यात एक ते चार दुकानं बंद असतात हा विनोद आम्हाला ऐकवू नका. आमची मुलं त्याच वेळात शटर अर्धं ओढून आतला माल मोजत असतात.

हे परदेशी फॅड नाही का? (आजोबांचा प्रश्न)

आजोबा, थोडं आहे. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविगच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग गावात पहिली लोकशाळा निघाली. अशा निवासी शाळा तिथे आजही चालतात आणि त्यांत परीक्षा नसते. जर्मनीत शाळा संपल्यावर वर्षभर दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात काम करायच्या योजनेचा कायदा १९६४ चा.

पण आपल्याकडेही बघा. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी. वेल्डिंग, शेती, वीज, घर-आरोग्य सगळं करत करत शिकायचं. तुमच्या नातवाला हाताने काम करायची खरी ओढ असेल, तर आमच्याआधी पाबळ बघून या, हे मी मनापासून सांगतो. पुण्यातच अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू केली, खेड्यातून आलेल्या मुलांची राहायची सोय व्हावी म्हणून. त्याच्याही आधी याच शहरात वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी मुलं शिकून मोठी झाली. सोमवारी कुणाच्या घरी, मंगळवारी कुणाच्या, आणि प्रत्येक घरचं तिखट वेगळं. परक्याच्या घरी ताटावर कसं बसायचं, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलं नसेल.

मुलं-मुली एकत्र राहतात का?

मजले वेगळे, स्वयंपाकघर आणि वर्ग एक. रात्री नऊला घरात. ही वेळ मुलांनाही तीच आहे. 'मुलांना दहापर्यंत ठेवा' अशी विनंती दर वर्षी येते, ती मान्य होत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कुणी पहिल्या रात्री गंमत म्हणून काही केलं, तर दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावतो.

मोबाइल?

ठेवा. साडेदहाला हॉलमधल्या फळीवर चार्जिंगला, सकाळी सहाला परत. मुलांचा त्रास पंधरा दिवसांत संपतो. पालकांचा चालू राहतो. दिवसाला पाच फोन करू नका. जेवला का, हे विचारायला तर अजिबात नको, त्याने स्वतःच शिजवलेलं असतं.

खर्च किती? शिष्यवृत्ती मिळते का?

फीचं पत्रक फॉर्मसोबत पाठवतो. तीन हप्ते, आणि काहींची फी माफ असते, ती कुणाची हे घरात कळत नाही. सरकारी शिष्यवृत्ती मात्र या वर्षी विसरा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या योजना कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांसाठी असतात. कॉलेज नाही म्हणजे बोनाफाइड (तिथले विद्यार्थी असल्याचा दाखला) नाही, आणि बोनाफाइड नाही म्हणजे पीएमपीएमएलच्या शहर बसचा विद्यार्थी पासही नाही. एवढी साधी गोष्ट, पण बजेट बिघडवते. म्हणून मी मुलांना जुनी सायकल आणायला सांगतो. पुणं सायकलींचं शहर होतं असं म्हणतात, आता सातारा रस्त्यावर ती चालवायला धाडस लागतं. हेल्मेट आणाच.

करमलं नाही तर?

पहिल्या तीन आठवड्यांत परत गेलात तर महिन्याचा खर्च कापून बाकी पैसे परत. नंतर हप्त्यापुरते. एक मुलगा नोव्हेंबरमध्ये निघून गेला. चूक आमची होती. तो गप्प आहे म्हणजे रुळलाय असं आम्ही धरलं, आणि खोलीतल्या दोघांनी तो जेवत नाही असं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाबरोबर पर्वतीच्या पायऱ्या चढतो. समोरासमोर बसून मुलं बोलत नाहीत, चढताना बोलतात. माझे गुडघे आता कुरकुरतात, तो वेगळा विषय.

कोणी येऊ नये?

ज्याला आईवडिलांनी पाठवलंय आणि स्वतःला यायचं नाही, त्याने. मुलाखतीत पालकांना आम्ही बाहेर बसवतो आणि पहिला प्रश्न हाच विचारतो. ज्याला पुढचं पक्कं माहीत आहे, त्यानेही येऊ नये, त्याने सरळ कॉलेजला जावं. व्यसन किंवा गंभीर आजारपण असेल तर आमच्याकडे त्याचे तज्ज्ञ नाहीत. आधी डॉक्टर, मग आम्ही.

येताना काय आणायचं?

दोन चादरी, मच्छरदाणी (पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतो, हलक्यात घेऊ नका), रेनकोट, चालायचे जुने बूट. नवे आणाल तर दिवे घाटात पस्तावाल. स्टीलचं ताट-वाटी आणि त्यावर नाव कोरलेलं हवं, नाहीतर दिवाळीपर्यंत ते दुसऱ्याचं होतं. कुलूप एक, किल्ल्या दोन. इस्त्री आणू नका, घरात तीन आहेत आणि दोन चालतात. लाडू-चिवड्याचा डबा आणायला हरकत नाही, पण तो २२ जणांत अर्ध्या तासात संपतो, हे धरूनच भरा.